सह्याद्रीचं बुडालेलं भावंड

मालदीवमधल्या एखाद्या आलिशान रिसॉर्टमध्ये, पाण्यावर उभ्या केलेल्या खोलीचं एका रात्रीचं भाडं सहज लाख रुपयांच्या वर जातं. मुंबईहून थेट विमानाने तीनेक तासांत माले गाठता येतं, म्हणून हनिमूनला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आपली माणसं हौसेने तिथे जातात. परत आली की बहुतेक जण त्याच चार गोष्टी सांगतात. वाळू पांढरीशुभ्र, पाणी तळ दिसेल इतकं नितळ, भर समुद्रात असूनही नळाला गोडं पाणी, आणि चहूकडे दुसरं माणूस नाही. या चारही गोष्टी येतात कुठून हे शोधायला निघालं, की आपण एका फार लांबलचक कहाणीत शिरतो आणि तिची सुरुवात थेट आपल्या सह्याद्रीत सापडते. मला ती कहाणी त्या खोलीहून कितीतरी मोलाची वाटते.

आधी तो देश डोळ्यांसमोर आणू. उत्तर-दक्षिण आठशेहून अधिक किलोमीटर पसरलेली सुमारे 1,200 बेटं. सगळ्यांची जमीन एकत्र केली तर जेमतेम 300 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मी. समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास. डोंगर नाही, नदी नाही. आणि कोकणात वाढलेल्या माणसाला जे पटकन जाणवतं ते म्हणजे काळा दगड नाही. बेट पालथं घातलं तरी कातळाचा तुकडा हाती लागत नाही. जो खडा उचलावा तो पांढरा, चुन्याचा, कुठल्या ना कुठल्या जिवाने घडवलेला. मग हे सारं उभं कशावर आहे?

काळ्या दगडावरच. फक्त तो दोन किलोमीटरहून अधिक खोल गेलेला आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. वाटेत तो पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून गेला. भूशास्त्रज्ञ तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. तिथून लाव्हा उसळला, भेगांमधून पसरला, थिजला, पुन्हा उसळला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आज त्याच थिजलेल्या थरांवर वसला आहे. घाटातून जाताना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात ते हे थर. अजिंठा-वेरूळची लेणी त्यांतच कोरली, गडांचे ताशीव कडे त्यांचेच. पुढे भारत उत्तरेला निघून गेला. खालची आग मात्र मागेच राहिली आणि वरून सरकणाऱ्या समुद्रतळातून फुटून वर येत राहिली. त्यातून ज्वालामुखींची एक रांग तयार झाली : लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन बेट, जिथे पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो.

याचा पुरावा 1987 साली हाती आला. जॉयडिस रिझोल्यूशन नावाच्या संशोधन-जहाजाने या रांगेवर ठिकठिकाणी समुद्रतळ खोदून खडक वर काढला. मालदीवच्या कण्यावर सापडलेला बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा दगड, साधारण 5.7 कोटी वर्षांचा निघाला. दख्खनच्या दगडापेक्षा धाकटा, मॉरिशसच्या दगडापेक्षा कितीतरी थोरला. क्रम हवा तसा जुळला. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही आहेत. इतका समुद्र ओलांडून ते गेले आणि पाय ठेवला तो त्याच भट्टीतून निघालेल्या काळ्या दगडावर. हे कळल्यापासून हिंदी महासागराचा नकाशा मला एका घराण्याच्या वंशावळीसारखा वाचता येतो.

ज्वालामुखी विझला की त्याच्याखालचा समुद्रतळ थंड होत जातो, जड होतो, खचतो. मालदीवचे डोंगरही असेच हळूहळू बुडाले. पण त्यांच्या किनाऱ्याशी, उथळ आणि उबदार पाण्यात, प्रवाळ वाढत होतं. प्रवाळाला उजेड लागतो. डोंगर जसजसा खाली गेला तसतसं ते आपल्याच मेलेल्या पिढ्यांच्या सांगाड्यांवर चढून वर येत राहिलं. शेवटी डोंगर दिसेनासा झाला आणि उरलं ते त्याच्या जुन्या किनाऱ्याचं कडं, मधे पाणी. हेच कंकणद्वीप.

चार्ल्स डार्विनला हे सुचलं तेव्हा त्याने खरी प्रवाळभित्ती पाहिलीसुद्धा नव्हती. बीगल जहाजावरच्या प्रवासात, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जमीन वर उचलली गेल्याच्या खुणा तो पाहत होता. इथे जमीन वर येत असेल तर दुसरीकडे ती खाली जात असणार, आणि तिच्याबरोबर प्रवाळाचं काय होत असेल, असा त्याचा विचार चालला. 1836 च्या एप्रिलमध्ये कोकोस कीलिंग बेटांवर त्याने कडं प्रत्यक्ष पाहिलं आणि 1842 साली पुस्तक प्रसिद्ध केलं. मालदीवला तो कधी गेला नाही. त्याने आधार घेतला कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी यांच्या सर्वेक्षणाचा. मोर्सबी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचे अधिकारी, आणि 1830 च्या दशकात त्यांनी मालदीवची एवढी बारकाईने मोजणी केली की ते नकाशे पुढे कित्येक दशकं जहाजांच्या कामी आले.

डार्विनचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायला खोदण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 1890 च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रशांत महासागरातल्या फुनाफुती बेटावर तीनशेहून जास्त मीटर भोक पाडलं. सगळं प्रवाळच लागलं, तळ नाहीच. 1952 साली अमेरिकेने अण्वस्त्र चाचण्यांच्या तयारीत एनेवेटाक कंकणद्वीपावर खोदलं, तेव्हा सुमारे 1,400 मीटरखाली ज्वालामुखीचा खडक हाती आला. डार्विनला जाऊन तेव्हा 70 वर्षं झाली होती. मालदीवमध्ये तेलाच्या शोधात पाडलेल्या विहिरी दोन किलोमीटरहून जास्त चुनखडी भेदून मग खाली बेसॉल्टला भिडल्या. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरापेक्षाही उंच थर, आणि तो रचला कोणी, तर ज्याचं एकेक अंग बहुधा काही मिलिमीटरच भरतं अशा प्राण्याने.

कड्याच्या आकाराबद्दल मात्र चर्चा अजून संपलेली नाही. हिमयुगांत समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली गेला होता. तेव्हा मालदीव म्हणजे पाण्याबाहेर उभी असलेली चुनखडीची पठारं होती. पावसाने त्यांचा मधला भाग विरघळवला, कडा टिकल्या, समुद्र परतल्यावर प्रवाळ कडांवरच वाढलं आणि मधे पाणी राहिलं, असं अलीकडचे काही अभ्यासक मालदीवचाच दाखला देऊन सांगतात. डोंगर खचला हे त्यांनाही मान्य आहे. खळगा पावसाने किती कोरला एवढाच प्रश्न आहे. आणि ज्या बेटांवर पाहुणे उतरतात ती तर अगदी अलीकडची, समुद्राची पातळी स्थिरावल्यानंतर कड्यांवर वाळू साचून झालेली. त्यांतली कित्येक चार-पाच हजार वर्षांहून जुनी नाहीत.

आता ते नितळ पाणी. आपल्या किनाऱ्यावर असं पाणी का नसतं, असं लोक काहीशा खंतावून विचारतात. खंतावण्याचं कारण नाही. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या वाटेने डोंगराचा कस समुद्रात आणतो. त्यावर प्लवक पोसतं, प्लवकावर बारीक मासळी, तिच्यावर मोठी. कोकणचं गढूळ पाणी हे भरल्या घरचं पाणी आहे. मालदीवमध्ये नदीच नाही, आणि उष्ण समुद्राच्या वरच्या थरात पोषणद्रव्यं फार थोडी. पाणी नितळ आहे कारण त्यात तरंगणारं अन्न नाही. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं, निळा मागे उरतो आणि खालची पांढरी वाळू तो परत वर पाठवते. फोटोत येणारा तो फिरोजी रंग एवढ्यावर झालेला असतो.

मग अशा उपाशी पाण्यात एवढं जिवंत विश्व कसं? प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. यजमान त्याला राहायला जागा आणि आपल्या शरीरातून टाकलेली नायट्रोजनयुक्त द्रव्यं देतो. काहीही वाया जात नाही. याच काटकसरीवर पृथ्वीवरच्या सर्वांत गजबजलेल्या वस्त्यांपैकी एक उभी आहे. आपणही या जगाला अगदी पारखे नाही : सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मालवणच्या पाण्यात थोडं प्रवाळ आहे, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राखाली आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसेक मीटर खाली, म्हणून तिथे बेट नाही.

वाळूची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. स्नॉर्कलिंगचा मुखवटा चढवून तोंड पाण्यात घातलं की माशांच्या आधी आवाज येतो, दगड खरवडल्याचा, करकर, अगदी स्पष्ट. आवाजाच्या दिशेने गेलं की पोपटमासा दिसतो. हिरवट निळा, खवल्यांच्या कडा गुलाबी, आणि पुढे चोच. ही चोच म्हणजे एकमेकांत घट्ट बसवलेले सुमारे हजार बारके दात. तो जरा मागे सरतो, अंग तिरकं करतो आणि खडकाला चावा घेतो. खडकावर दोन पांढरे समांतर ओरखडे उरतात. त्याला हवं असतं ते खडकावर आणि खडकाच्या आत वाढणारं सूक्ष्म शैवाल आणि जिवाणू, पण ते दगडापासून वेगळं काढता येत नाही, म्हणून दगडच तोंडात घ्यायचा. घशात दातांचा दुसरा संच असतो. तिथे सगळं दळलं जातं. त्याला वेगळं जठर नसतं. दळलेलं सरळ आतड्यात जातं, पोषण शोषलं जातं, आणि थोड्या वेळाने तो खडकापासून दूर वाळूवर जाऊन शेपटीकडून एक पांढरा ढग सोडतो. ढग सावकाश खाली बसतो. ती वाळू.

2015 साली इंग्लंडमधल्या एक्सिटर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांसह एका गटाने बा कंकणद्वीपातल्या वाक्कारू बेटाभोवती याचा हिशेब मांडला. तिथल्या खडकांवर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक पोपटमाशांनी दळलेली निघाली. उरलेल्यातला बराच वाटा हॅलिमेडा नावाच्या चुनेदार शैवालाचा. मोठ्या जातीचा एकच मासा वर्षाला शेकडो किलो वाळू घडवू शकतो. वाक्कारू आता स्वतःच एक रिसॉर्ट आहे. तिथे भर दुपारी अनवाणी चाललं तरी पाय फारसे पोळत नाहीत, कारण ही पांढरी वाळू ऊन परतवते. कोकणातल्या काळपट पुळणीवर मे महिन्यात जो चालला आहे त्याला हा फरक सांगायला नको.

आणि ही वाळू एका जागी राहत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की लाटा पश्चिमेकडून येतात आणि पुळण बेटाला वळसा घालून पूर्वेला सरकते. ईशान्येचे वारे लागले की परत. त्याच रिसॉर्टमध्ये जानेवारीत गेलेल्याला आणि जुलैत गेलेल्याला किनारा वेगवेगळ्या बाजूला रुंद मिळतो. मालदीवचे कोळी हे सगळं पूर्वापार नक्षत्रांवर मोजत आले आहेत. वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे भाग, प्रत्येकाला एक नक्षत्र, आणि त्यावरून वारा कुठला, समुद्र कसा, होडी कधी काढायची. मृगाची नि आर्द्राची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ते पंचांग परकं वाटणार नाही.

नळाच्या पाण्याचं रहस्य दोन पदरी आहे. पाऊस वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतो, कारण गोडं पाणी हलकं. ते भिंगाच्या आकारात साचतं, मधे जाड आणि काठांकडे पातळ. समुद्राच्या पातळीपेक्षा ते जितकं वर, त्याच्या सुमारे चाळीसपट खाली असतं, असं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास बादोन खायबेन आणि हर्त्सबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं. छोट्या बेटावर मात्र भरती-ओहोटी दोन्ही पाणी ढवळत राहते आणि भिंग काही मीटरांचंच उरतं. शेकडो वर्षं लोक त्यावर जगले, हात-दोन हात खोल विहिरी काढून, हलक्या हाताने उपसून. पंप लावून जोरात उपसलं की खालून खारं पाणी वर चढतं आणि भिंग नासतं. म्हणून रिसॉर्ट त्याला हात न लावता समुद्राचंच पाणी गाळतात. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचंच, पण समुद्राच्या मिठाला हरवायला वातावरणाच्या पन्नास-साठ पट किंवा त्याहूनही जास्त दाब लागतो. तो दाब बहुतेक ठिकाणी डिझेलच्या जनरेटरवर येतो, अलीकडे छपरांवर सौरपट्ट्याही दिसू लागल्या आहेत.

राहिला एकांत. 1960 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या एका पाहणीने इथे पर्यटन चालणार नाही, असा निर्वाळा दिला होता. 1972 मध्ये जॉर्ज कॉर्बिन हे इटालियन पर्यटन व्यावसायिक काही पाहुणे घेऊन आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कुरुम्बा हे पहिलं रिसॉर्ट तीस खोल्यांनिशी सुरू झालं. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छपरं झावळ्यांची. एका निर्जन बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत त्यातूनच पडली. बेटं एवढी लहान की दुसरं मावणार नाही, आणि मुस्लिम देशात पाहुण्यांचं मद्य नि पोहण्याचे कपडे वस्तीच्या बेटांपासून दूर ठेवणंही साधलं. पाण्यावरच्या खोल्यांची कल्पना मात्र इथली नव्हे. ती 1967 साली फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर निघाली, कारण तिथल्या हॉटेलमालकांकडे वाळूचा किनाराच नव्हता. ‘कोणी नाही’ असं वाटणाऱ्या बेटावर प्रत्यक्षात पुष्कळ माणसं असतात. झाडांच्या दाटीआड मधोमध कर्मचाऱ्यांच्या खोल्या, जनरेटर, पाणी गाळण्याची नि सांडपाण्याची यंत्रं असतात आणि कांद्या-बटाट्यापासून सगळं बोटीने येतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी सी-प्लेनने, खिडकीशी बसून जावं. ती विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात, आणि मोर्सबींनी होडीतून मोजलेली कडी वरून एका नजरेत दिसतात.

स्वस्त दर असतो तो पावसाळ्यात, साधारण मे ते ऑक्टोबर. पाहुणे तेव्हा कुरकुरतात की पाणी गढूळ आहे. पण ते गढूळ असतं कारण वारा आणि प्रवाह यांनी तेव्हा प्लवक एकवटलेलं असतं, आणि त्याच्या मागोमाग मांटा येतात. पाकटाच्या कुळातला हा प्रचंड मासा, पंखांचा विस्तार तीन-चार मीटर. बा कंकणद्वीपातला हनिफारू उपसागर आकाराने लहानसा, पण प्लवक भरलं की तिथे कधी कधी शंभराहून अधिक मांटा जमतात आणि तोंडं उघडी ठेवून एकामागे एक गोल फिरत खातात. 2011 साली युनेस्कोने या कंकणद्वीपाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. माझं मत विचाराल तर मालदीवला जायचा मोसम हाच.

या सगळ्या रचनेचा नाजूक भाग म्हणजे प्रवाळ आणि शैवालाची ती भागीदारी. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. 1998 मध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ असं मेलं. ते सावरत होतं तोवर 2016 आलं, आणि मग 2024. काही रिसॉर्ट लोखंडी चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधून वाढवतात. चांगलं काम आहे, मनापासून करतात, पण शेकडो किलोमीटरच्या भित्तीपुढे ते थोडं पडतं. खडक वाढायचा थांबला तर समुद्राची चढती पातळी त्याला गाठेल, आणि बेटाला मिळणारी वाळूही कमी होईल.

पोपटमासे मालदीवमध्ये एवढे का टिकले, याचंही एक उत्तर आहे. तिथले लोक पिढ्यानपिढ्या खडकावरची मासळी फारशी खात नाहीत. ते खुल्या समुद्रात जाऊन काठी आणि गळाने, एकेक करून, टूना धरतात. आपल्याकडे त्याला कुपा म्हणतात. खडकांवरच्या मोठ्या माशांची मागणी वाढली ती पर्यटनाने. म्हणून तिथे गेलात तर जेवणात कुपाच मागा. न्याहारीच्या बुफेत एका कोपऱ्यात मासहुनी असते. शिजवलेला कुपा हाताने कुस्करून त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची आणि लिंबू, बरोबर चपातीसारखी रोशी. कोकणातल्या माणसाला ती पहिल्या घासालाच घरची वाटते.